उभं पान, आडवं पान

सोमवार, ३ नोव्हेंबर

"रोज काय केलं ते लिहीत जा, म्हणजे चूक कुठे झाली ते सापडतं," असं सर म्हणाले. ऑफिसच्या फाइलमध्ये मी ते लिहिलंच. पण त्या फाइलमध्ये ‘पोटात गोळा आला’ असं लिहायला रकाना नाही, म्हणून ही वेगळी डायरी.

आमचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही लोकांना वेबसाइट करून देतो. सर आहेत, मी आहे आणि एक जण आहे त्याला सगळे ‘लगेच’ म्हणतात. काहीही सांगा, तो "लगेच!" म्हणतो आणि ते काम पुढच्या आठवड्यात होतं. माझी नोकरी महिनाअखेरपर्यंत कच्ची आहे. मग सर ठरवणार.

आज शिवणाच्या बाई आल्या. त्यांचा शिवणवर्ग बंद होतोय, त्या मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला चालल्यात. त्यांचा एक कोट प्रसिद्ध आहे. तो शिवायला ज्याला जमला त्याला काहीही शिवता येतं, म्हणतात. बाईंना तो कोट मागे ठेवून जायचाय. कोणीही वेबसाइट उघडायची, बटण दाबायचं, घरच्या प्रिंटरवर कापणीचे नमुने छापायचे, कागद चिकटवायचे आणि त्यावरून कापड कापायचं.

"माझी गरज लागता कामा नये," बाई म्हणाल्या. "तेवीस तारखेच्या रविवारी हॉल घेतलाय. सगळ्यांनी घरून छापून आणायचं आणि तिथे शिवायचं. मी एकालाही कागद देणार नाही. कोट अंगावर बसले तर मी सुखाने जाईन. नाही बसले तर तुमचं तुम्ही बघा."

"होईल," सर म्हणाले.

"करणार कोण?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, माप घेतात तसं.

"कॉलर छान बसवलीय तुझी. कोणी शिवला ड्रेस?"

"आईने."

"हं," बाई म्हणाल्या. हे चांगलं की वाईट ते कळलं नाही.

त्या गेल्यावर सर म्हणाले, "हे तू एकटीने कर." शिवाय ऑफिसची किल्ली माझ्या हातात दिली, सकाळी मीच उघडायचं म्हणाले. किल्ली हरवते का ते बघत असणार. मी ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली आहे.


बुधवार, ५ नोव्हेंबर

पाठीचा तुकडा रुंद आहे, त्याला आडवं पान हवं. बाही लांब आहे, तिला उभं. वेबपेजला हे सांगायची सोय आहे: कागदाचा आकार अमुक, हे पान आडवं, ते उभं, समास इतका. मी सगळं नीट लिहिलं. माझ्या कॉम्प्युटरवरून छापलं तर अगदी जसंच्या तसं आलं. मी स्टुलावरच दोनदा उसळले.

मग लगेचच्या कॉम्प्युटरवरून छापलं. सगळी पानं उभी, आणि अर्धी पाठ कागदाबाहेर. सरांच्या लॅपटॉपवरून छापलं. पानं आडवी आली, पण पाठ आक्रसून एखाद्या बाहुलीची झाली.

दिवसभर वाचत बसले. समजलं ते असं: मला वाटत होतं पेज हुकूम देतं. पेज फक्त इच्छा सांगतं. ती ऐकायची की नाही हे ब्राउझर ठरवतो, मग छापणारा माणूस त्या प्रिंटच्या चौकटीत भलतंच काहीतरी निवडतो आणि शेवटी प्रिंटर स्वतःच्या मनाचं करतो. आमच्या घरासारखंच. बाबा सुचवतात, आई विचार करते, आणि धाकटा जे खाणार तेच शिजतं.

हे सरांना सांगावं का? "मला जमत नाही" असंच ऐकू जाईल.

लगेचला म्हटलं, तुझ्या ओळखीत कोणाकडे वेगवेगळे प्रिंटर असतील तर बघशील का. तो "लगेच!" म्हणाला. मी विषय सोडून दिला.


गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी ऑफिस उघडायला गेले तर लगेच पायरीवर बसलेला. मांडीवर कागदांचा गठ्ठा. काल संध्याकाळीच तो मावशीकडे, दोन मित्रांकडे आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन माझं पेज छापून आला होता. सरांनी दटावलं असेल.

गठ्ठ्यात एकही प्रत दुसरीसारखी नाही.

म्हणून मी पेजवर वरच्या बाजूला सूचना लिहिल्या. ‘पानाला मावेल असं करा’ हा पर्याय काढून टाका, प्रमाण शंभर टक्के ठेवा, पान आडवं निवडा, कडेचा मजकूर बंद करा. बारा ओळी झाल्या. घरी आणून आईला दाखवल्या. आई घरी शिवणकाम करते, तिच्याइतकं कोणाला कळणार! पण पान तिच्या हातात दिल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. आईला आकडे येतात. अक्षरं येत नाहीत. आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मीच.

आईने पान उलटसुलट केलं. "केवढं लिहिलंस गं! सुंदर दिसतंय."

बाबा म्हणाले, "कोट शिवायचाय की परीक्षेला बसायचंय?"

मग मी ठरवलं. एकही अक्षर न वाचता आईला छापता आलं पाहिजे, असं पेज करायचं. बारा ओळी पुसल्या. पानं जोडायच्या खुणांना अक्षरं दिली होती, तीही काढली. आता एका पानाच्या कडेला अर्धा मासा आहे, दुसऱ्याच्या कडेला उरलेला अर्धा. मासा पूर्ण झाला की जोड बरोबर. तशीच किटली, कासव, छत्री. मासे काढताना इतकी मजा आली की हे काम आहे हे विसरले. मग आठवलं आणि घाबरले.


सोमवार, १० नोव्हेंबर

माप तपासायला नमुन्याच्या कोपऱ्यात मी एक चौकोन छापलाय, तो घरी आईच्या टेपने मोजला. दहा सेंटीमीटरचा हवा होता, नऊ सेंटीमीटर आणि सात मिलिमीटर भरला! परत मोजला, तेच. माझं काम इतके दिवस चुकीचं होतं आणि मला पत्ताच नव्हता. सगळे नमुने तेवढ्या प्रमाणात मोठे केले. आता आईच्या टेपवर बरोबर दहा येतात. बाईंना नवीन प्रत पाठवली.

वेळेत लक्षात आलं, नाहीतर बाईंसमोर काय तोंड दाखवलं असतं!


मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज एक मोठी अडचण सुटली आणि एक काळजी वाढली.

दुपारी खालच्या दुकानातला सायकलवाला जिन्यावरून एक नवी खुर्ची वर आणत होता. खुर्ची दारात अडकली. सर आतून ओरडले, "दार काढू का?"

"दार कशाला काढताय! ते आहे तिथेच राहणार. खुर्चीच फिरवतो की," तो म्हणाला. त्याने खुर्ची आडवी केली, एक पाय आधी घातला आणि आली आत.

मी तिथेच उभी राहिले. मी आठवडाभर दार काढत होते! सगळ्या जगाचे प्रिंटर आपण होऊन उभं पान छापतात. मग पान आडवं करायचा हट्ट कशाला? पाठीचा तुकडाच उभ्या पानात फिरवून ठेवायचा. कागदही सगळ्यांकडचे थोडे वेगळे, त्यातल्या सगळ्यांत छोट्यात मावेल एवढाच भाग वापरायचा आणि चहूबाजूंनी ऐसपैस समास सोडायचा. कोणी काही निवडो न निवडो.

संध्याकाळपर्यंत सगळी पानं उभी झाली. लगेचने मावशीकडे छापून फोटो पाठवला. अख्खी पाठ, मासे शेपटीसकट.

काळजी ही की ती खुर्ची कोणासाठी? सरांनी मला त्यात बसवून पाहिलं, उंची विचारली आणि म्हणाले, "बरी आहे ना? पाठ दुखणार नाही ना?" नवीन माणूस घेणार असतील. माझ्याच उंचीचा कोणीतरी शोधलाय वाटतं.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बाई आल्या. अंगात कोट. दोन्ही हात पुढे केलेले, आणि बोटांची फक्त टोकं दिसतायत.

"मी काय म्हातारपणी आखडले?" त्या म्हणाल्या.

माझ्या नमुन्यावरून शिवला होता. बाईंनी पर्समधून स्टीलची पट्टी काढून चौकोनावर ठेवली. दहा आणि तीन. लगेचने ऑफिसची पट्टी ठेवली. दहा आणि तीन.

"तू मोजलंस कशाने?"

"आईच्या टेपने."

"कापडी? किती जुनी?"

"मी लहान असल्यापासून तीच आहे."

"कापडी टेप ओढून ओढून लांब होते बाळ! दर दोन वर्षांनी बदलायची असते." बाई हसायला लागल्या, तर बाह्या हलायला लागल्या, म्हणून लगेच हसला, मग सरही. "बाहीचं राहू दे. थंडीत हातमोजे नकोत. पण तेवीस तारखेला असे पन्नास लोक माझ्यासमोर उभे राहिले तर मी स्टेशनवर जाणार नाही, थेट दवाखान्यात जाईन."

मीही हसले, पण आतून नाही. मी बरोबर असलेलं काम तपासून तपासून चुकीचं केलं. नमुने पुन्हा मूळ मापाला आणले.

पण खरा प्रश्न तसाच आहे. एखाद्याच्या प्रिंटरने पान थोडं लहान केलंच तर? चौकोन मोजून बघा असं सांगायचं? आणि लोक मोजणार कशाने, आपापल्या घरच्या टेपांनी?


शनिवार, १५ नोव्हेंबर

आईला टेपचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं. धाकट्याने सांगितलं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आईने हातातलं काम खाली ठेवलं. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना चुकीचं घालत होते?"

"नाही गं आई."

"त्या पोस्टमनच्या बायकोचं लग्नाचं पोलकं मी केलं. तुझे शाळेचे सगळे गणवेश केले." तिचा चेहरा इतका उतरला की बाबांनी टीव्ही बंद केला. बाबा टीव्ही बंद करतात म्हणजे प्रसंग गंभीर.

मी म्हटलं, थांब. तिने शिवलेलं सगळं मी कपाटातून बाहेर काढलं. बाबांना शर्ट घालायला लावला, धाकट्याला पँट. सगळं अंगावर चपखल! कुठे बोटभर सैल नाही. मला कळेना. टेप चुकीची, मग कपडे बरोबर कसे?

मग मी मोठ्याने बोलत सुटले. "आई, बाबांची छाती तू याच टेपने मोजलीस. कापडही याच टेपने मोजलंस. टेप दोन्हीकडे सारखंच खोटं बोलली! दोन्हीकडे सारखं खोटं म्हणजे काही बिघडतच नाही. घोटाळा कधी होतो? माप एका टेपने आणि कापणी दुसरीने केली तर."

"मग मी चुकले नाही?"

"एकदाही नाही."

"मग एवढं रडवलंस कशाला?" आई म्हणाली आणि धाकट्याच्या पाठीत एक धपाटा घातला. बाबांनी टीव्ही लावला.

आणि तेवढ्यात, टीव्ही लागता लागता, मला उत्तर दिसलं. मी उभीच राहिले. बाबा म्हणाले, "आता हिला काय झालं?"

टेपसुद्धा छापायची! नमुन्याच्याच कागदांबरोबर. पट्ट्या कापायच्या, एकापुढे एक चिकटवायच्या आणि त्या कागदी टेपने स्वतःचं माप घ्यायचं. छाती, पाठीची लांबी, बाही, सगळं त्याच टेपने. नमुन्यावर प्रत्येक मापाची वेगळी रेष आहेच, जो आकडा येईल त्या आकड्याच्या रेषेवर कापायचं. प्रिंटरने नमुना लहान केला तर टेपही तेवढीच लहान होईल. लहान टेपने छाती मोठी भरेल, माणूस मोठी रेष निवडेल, आणि कोट बसेल. प्रिंटर जिंकला तरी हरेल!

मला कोणाला तरी सांगायचं होतं. लगेचला फोन केला. त्याने पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, "तू आत्ता हसतेयस. मी तुला आधी कधी असं हसताना ऐकलं नव्हतं." फोन खराब असेल, म्हणून वेगळं ऐकू आलं असेल.


बुधवार, १९ नोव्हेंबर

चाचणी. सरांना मुद्दाम पान लहान करून छापायला सांगितलं. त्यांनी कागदी टेपने पोट मोजलं.

"एवढं? शक्यच नाही," सर म्हणाले.

"सर, टेप लहान आहे."

"आता कसं बोललीस!" त्यांनी ती टेप घडी करून खिशात ठेवली. बायकोला दाखवणार म्हणाले.

त्याच आकड्याच्या रेषेवर कापलेला नमुना अंगाला लावून पाहिला. बरोब्बर.

जाताना सरांनी विचारलं, "दारावरच्या पाटीवर तुझं आडनाव आधी लिहायचं की नाव?" मी म्हटलं, जसं तुम्हाला योग्य वाटेल. कुठली पाटी ते विचारायचं धाडस झालं नाही.


रविवार, २३ नोव्हेंबर

संध्याकाळ आहे. हात अजून डिंकाने चिकट आहेत. सगळं लिहिते.

हॉलमध्ये मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि खांबामागे उभी राहिले. लोक येऊ लागले. बायका, तीन-चार पुरुष, एक ड्रायव्हर, एक नर्स ड्युटीवरून तशीच आलेली. आणि प्रत्येकाच्या गळ्यात कागदाची टेप! कोणाची पांढरी, कोणाची पिवळट कागदावरची, एकीची चक्क गुलाबी. टेबलांवर मासे जुळत होते, किटल्या जुळत होत्या. "तुझी छत्री माझ्याकडे आलीय गं!" असे आवाज.

मग भांडण झालं. दोन बहिणी, एक बारीक, एक भरलेली. बारकीचं माप जास्त आलं.

"तू वजन वाढवलंस आणि मला सांगितलं नाहीस," भरलेली म्हणाली.

"वजन गेलं खड्ड्यात! तुझी टेप बघू." दोघींनी टेपा शेजारी शेजारी धरल्या. दोन्हींवर शंभर लिहिलेलं, आणि बारकीची टेप चार बोटं आखूड! सगळा हॉल गोळा झाला. प्रत्येक जण आपली टेप लावून बघू लागला. एकाची दुसऱ्याशी जुळेना.

बाई माझ्या दिशेने वळल्या.

"ए पोरी, यातली खरी कुठली?"

मी खांबामागून बाहेर आले. म्हणाले, "ज्याची त्याला खरी. फक्त एकमेकांच्या उसन्या घेऊ नका."

बाईंनी टाळी वाजवली. "ऐकलंत? टेप बदलाल तर याद राखा. चला, कात्र्या!"

दुपार कशी गेली कळलं नाही. यंत्रांचा आवाज, आणि मध्येच कोणाच्या तरी अंगावर पहिला कोट चढला की एक आरोळी. आधी नर्स. मग ड्रायव्हर, तो तर आरशासमोरून हलेना. मग त्या दोघी बहिणी, दोघींचे कोट जिथल्या तिथे. बाई प्रत्येकाच्या खांद्यावर हात फिरवून बघत होत्या आणि कोणालाच काही दुरुस्ती सांगत नव्हत्या. शेवटी त्या एका खुर्चीत बसल्या. "मला कोणी काही विचारतच नाही," त्या म्हणाल्या, आणि रुमाल काढून नाक शिंकरलं. इतक्या खुशीत मी कोणाला नाक शिंकरताना पाहिलं नाही.

आणि आई आली होती! मला न सांगता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन तिने स्वतः बटण दाबलं होतं. "तो म्हणाला, काकू, थांबा, मी करून देतो. म्हटलं, हात लावू नकोस, माझ्या मुलीचं आहे, मला येतं."

सर आणि लगेचही आले होते. मी आईला सरांची ओळख करून दिली. आईने विचारलं, "साहेब, पोरीला ठेवून घेणार ना पुढे?" मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

सर गोंधळले. "म्हणजे? किल्ली दिली, खुर्ची आणली, पाटी रंगवायला टाकली. अजून काय करायचं राहिलं?"

"ती खुर्ची माझी होती?" मी विचारलं.

"मग कोणाची?" सर म्हणाले. "इतके दिवस तू त्या स्टुलावरच का बसत होतीस, तेच मला कळत नव्हतं."

लगेच इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मग म्हणाला, "तुला सगळं मोजता येतं, फक्त..." आणि फडकं आणायला गेला. लगेच आणलं.

मग बाईंच्या लक्षात आलं की हॉलमध्ये कोट नसलेली मी एकटीच. "हिला धरा रे!" त्या म्हणाल्या. मला मध्ये उभं केलं. नर्सने तिच्या टेपने खांदा मोजला, बारक्या बहिणीने तिच्या टेपने, आणि दोघी वेगवेगळे आकडे ओरडल्या. मी म्हटलं, "अहो, असं नाही, एकाच टेपने..."

"हात वर कर," आई म्हणाली. तिने तिची कागदी टेप माझ्याभोवती गुंडाळली आणि कोणालाही आकडा सांगितला नाही. कापड बाईंनी दिलं, निळं. कोणी कापलं, कोणी टाके घातले, कोणी बटणं शोधली. मी नुसती उभी होते आणि पहिल्यांदाच मला काही तपासावंसं वाटत नव्हतं.

हॉल रिकामा करायची वेळ झाली तेव्हा एक बाही राहिली होती. तसाच घालून घरी आले. रस्त्याने लोक बघत होते. बघेनात का.

आई आत दुसरी बाही शिवतेय. हाक मारतेय, उठायला हवं.